विश्लेषण : तीन दिवसांत दोन लाख उलटे अंगठे! व्हिडीओ गेमच्या दुकानातील रिव्ह्यूंचे वजन किती?

स्टीमवर कोणताही गेम उघडला की किमतीच्या आधी नजर जाते ती नावाखालच्या एका ओळीवर. ‘व्हेरी पॉझिटिव्ह’, ‘मिक्स्ड’, ‘मोस्टली निगेटिव्ह’. हा शेरा ना दुकानदाराचा, ना एखाद्या समीक्षकाचा. तो गेम विकत घेऊन खेळलेल्यांच्या मतांची बेरीज. निदान कागदावर तरी तसे आहे. प्रत्यक्षात गेल्या काही वर्षांत हे रिव्ह्यू गेमबद्दल जितके बोलतात, तितकेच गेम बनवणाऱ्या कंपनीबद्दल, तिच्या करारांबद्दल, कधी राजकारणाबद्दल आणि कधी तर पॅरिसमधल्या जळणाऱ्या चर्चबद्दलही बोलतात. त्यामुळे नवा गेम घेऊ पाहणाऱ्याने या ओळीवर किती विश्वास ठेवायचा, आणि जुन्या ग्राहकाची तक्रार ‘गेमबद्दलची’ आहे की नाही हे ठरवायचे कोणी, हा वाद अजून मिटलेला नाही.

‘हेलडायव्हर्स २’चे प्रकरण काय होते?

स्वीडनमधील स्टॉकहोमच्या ‘ॲरोहेड’ या स्टुडिओने बनवलेला आणि सोनीने बाजारात आणलेला ‘हेलडायव्हर्स २’ हा गेम ८ फेब्रुवारी २०२४ रोजी प्लेस्टेशन ५ आणि पीसीवर आला. चौघांनी मिळून परग्रहावरच्या किड्यांना आणि यंत्रमानवांना झोडपायचे, एवढाच मामला. पण तो तुफान चालला. पहिल्या १२ आठवड्यांत १ कोटी २० लाख प्रती विकल्या गेल्याचे सोनीने जाहीर केले. पीसीवरचे खेळाडू तो स्टीमवरून घेत होते आणि स्टीमच्याच खात्यावर खेळत होते.

३ मे २०२४ रोजी सोनीने घोषणा केली, की पीसीवरच्या खेळाडूंनाही आता प्लेस्टेशन नेटवर्कचे (पीएसएन) खाते जोडावे लागेल. नव्या खेळाडूंना लगेच, जुन्यांना महिनाभरात. भारतातील खेळाडूला हे वाचून फार तर कंटाळा आला असता. आणखी एक खाते, आणखी एक पासवर्ड. कारण भारतात पीएसएन उपलब्ध आहे. पण जगातील शंभराहून अधिक देशांत ते नाही. फिलिपिन्स, एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया, आपल्या शेजारचे बांगलादेश आणि श्रीलंका. या देशांत गेम रीतसर विकला गेला होता. लोकांनी पैसे मोजले होते, तीन महिने खेळलेही होते. आता त्यांना असे खाते मागितले जात होते, जे त्यांच्या देशात अधिकृतपणे उघडताच येत नाही. खोटा पत्ता देऊन दुसऱ्या देशाचे खाते उघडावे, तर तो सोनीच्याच नियमांचा भंग.

पुढच्या तीन दिवसांत स्टीमवर या गेमला दोन लाखांहून अधिक नकारात्मक रिव्ह्यू मिळाले. एकूण शेरा घसरून ‘मिक्स्ड’वर आला. पीएसएन नसलेल्या देशांत गेमची विक्रीच थांबवण्यात आली. भारतात सोमवारची, ६ मेची सकाळ उजाडली तोवर सोनीने माघार घेतली होती. खाते जोडण्याची सक्ती होणार नाही, असे कंपनीने ‘एक्स’वर जाहीर केले.

यात एक बारकावा सुटतो. खाते लागेल ही सूचना गेमच्या पानावर पहिल्या दिवसापासून होती. सर्व्हरवर ताण आल्यामुळे सुरुवातीला ती अट स्थगित ठेवली गेली आणि लोक विसरले. ॲरोहेडचे तेव्हाचे प्रमुख योहान पिलेस्टेड यांनी आपल्याला ही अट आधीपासून ठाऊक होती, ती थांबवण्याचा निर्णयही आपलाच होता आणि खेळाडूंना नीट सांगण्यात आपण कमी पडलो, असे मान्य केले. म्हणजे कायद्याच्या भाषेत सोनीची बाजू अगदीच लंगडी नव्हती. पण जिथे खाते उघडता येत नाही तिथे ती अट असलेली वस्तू विकायची का, याचे उत्तर सोनीकडे नव्हते. मक्तेदार कंपन्या सहसा ग्राहक मंचापुढेही इतक्या लवकर झुकत नाहीत. इथे शनिवार-रविवारच्या सुट्टीत काम झाले.

माघारीनंतर आणखी एक गोष्ट घडली. रिव्ह्यू नंतर बदलता येतो. अनेक खेळाडूंनी आपले उलटे अंगठे पुन्हा सरळ केले. गेममध्ये जसे हुकूम निघतात, त्याच थाटात एकमेकांना तसे ‘आदेश’ही दिले. विक्री बंद झालेल्या देशांत मात्र ती लगेच सुरू झाली नाही.

स्टीमवर रिव्ह्यू चालतात कसे?

अमेरिकेतील ‘व्हॉल्व्ह’ या कंपनीने २००३ मध्ये स्टीम सुरू केले. पीसी गेमच्या विक्रीत ते आज जगातील सर्वात मोठे दुकान आहे. भारतात २०१५ पासून तिथे रुपयांत खरेदी करता येते. रिव्ह्यूची सध्याची पद्धत २०१३ च्या अखेरीस आली. पाच तारे नाहीत, दहापैकी गुण नाहीत. प्रश्न एकच : हा गेम दुसऱ्याला सुचवाल का? अंगठा वर किंवा अंगठा खाली. सोबत काही लिहावे लागते, मग ते चार पानी असो की चार शब्दांचे.

गेम खात्यात असल्याशिवाय आणि थोडा तरी खेळल्याशिवाय रिव्ह्यू लिहिता येत नाही. ॲमेझॉनवर मिक्सर न घेताच मिक्सरला शिव्या घालता येतात, तसे इथे नाही. लिहिणाऱ्याने किती तास खेळला हेही शेजारी छापले जाते. दोन-तीन हजार तास खेळून ‘सुचवणार नाही’ लिहिणाऱ्यांची स्टीमवर भरपूर थट्टा होते. इतका वाईट होता तर चार महिने जागलास कशाला, असे विचारले जाते. पण ऑनलाइन गेम दर महिन्याला बदलतात. शस्त्रांची ताकद कमी होते, दुकानात नवे पैसे मागितले जातात, आवडता नकाशा काढून टाकला जातो. हजार तास खेळलेल्या माणसालाच आधी काय होते आणि आता काय आहे हे नीट सांगता येते. त्यामुळे असा रिव्ह्यू हसून सोडून देण्यापेक्षा वाचलेला बरा.

शेऱ्याचे गणित असे : ७० ते ७९ टक्के अंगठे वर असतील तर ‘मोस्टली पॉझिटिव्ह’, ४० ते ६९ टक्के म्हणजे ‘मिक्स्ड’, त्याखाली २० टक्क्यांपर्यंत ‘मोस्टली निगेटिव्ह’. ८० च्या वर गेल्यावर मात्र रिव्ह्यूंची संख्याही मोजली जाते. किमान ५० रिव्ह्यू असतील तर ‘व्हेरी पॉझिटिव्ह’. ९५ टक्के आणि ५०० रिव्ह्यू असतील तर ‘ओव्हरव्हेल्मिंगली पॉझिटिव्ह’. दहापेक्षा कमी रिव्ह्यू असतील तर शेराच लागत नाही.

हा दहाचा आकडा छोट्या स्टुडिओंच्या जिवाला घोर लावतो. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आणि मग पीसी व इतर कन्सोलवर आला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकनही मिळाले. पण आपल्याकडच्या बहुतेक छोट्या स्टुडिओंच्या वाट्याला असे नामांकन येत नाही, जाहिरातीला पैसे नसतात आणि ग्राहक तर जगभर पसरलेला असतो. त्यांच्यासाठी नावाखालची ती ओळ म्हणजेच दुकानाची पाटी. विकत घेणाऱ्यांपैकी रिव्ह्यू लिहिणारे मूठभर. एका रिव्ह्यूमागे तीस-चाळीस प्रती विकल्या गेल्या असाव्यात, असा ढोबळ हिशेब डेव्हलपर मंडळी वापरतात. म्हणजे पहिल्या दहा शेऱ्यांसाठी काही शे ग्राहक आधीच मिळालेले हवेत. आणि त्या दहांतले चार उलटे निघाले तर पाटीवर ‘मिक्स्ड’ चढते.

त्यातच २०१६ मध्ये व्हॉल्व्हने ठरवले, की स्टीमबाहेरून मिळालेली ‘की’ वापरून गेम सुरू केलेल्यांचे रिव्ह्यू दिसतील, पण शेऱ्यात धरले जाणार नाहीत. काही डेव्हलपर फुकट ‘की’ वाटून स्तुती गोळा करत होते, त्यांना चाप लावायला हा नियम आला. त्यात भरडले गेले ते लोकवर्गणीतून गेम उभा करणारे. ज्यांनी गेम बनण्याआधीच पैसे दिले, त्या पाठीराख्यांचे मत हिशेबातच नाही.

टक्केवारी फसवते ती कुठे?

दहापैकी दहा अंगठे वर असलेला गेम आणि वीस हजारांपैकी ९० टक्के अंगठे वर असलेला गेम, यांत चांगला कोणता? नुसती टक्केवारी पाहिली तर पहिला. पण दहा रिव्ह्यू लिहिणारे डेव्हलपरचे वर्गमित्रही असू शकतात. ‘स्टीमडीबी’ ही स्टीमच्या आकडेवारीचा माग ठेवणारी स्वतंत्र साइट यासाठी वेगळे सूत्र वापरते. रिव्ह्यू जितके कमी, तितका गुण पन्नास टक्क्यांकडे ओढायचा. रिव्ह्यू दहापट झाले की ही ओढ निम्मी करायची. या सूत्राने दहापैकी दहावाल्याला साधारण ७६ टक्के मिळतात आणि वीस हजारवाल्याला ८८. स्टीमच्या अधिकृत शेऱ्यात अशी सुधारणा नाही, संख्येच्या फक्त पायऱ्या आहेत.

दुसरा घोळ काळाचा. ब्रिटनमधील ‘हॅलो गेम्स’चा ‘नो मॅन्स स्काय’ ऑगस्ट २०१६ मध्ये आला तेव्हा जाहिरातीत सांगितलेल्या कित्येक गोष्टी त्यात नव्हत्या. लोकांनी त्याला अक्षरशः गाडला. स्टुडिओ गप्प राहिला आणि वर्षानुवर्षे फुकट अपडेट देत राहिला. एकूण शेरा ‘मोस्टली पॉझिटिव्ह’ व्हायला २०२१ उजाडले आणि ‘व्हेरी पॉझिटिव्ह’ व्हायला नोव्हेंबर २०२४. गेम कधीच सुधारला होता; पहिल्या महिन्याचे ओझे उतरायला आठ वर्षे लागली. अशा गेमसाठी व्हॉल्व्हने मे २०१६ मध्ये शेऱ्याचे दोन भाग केले होते. एक एकूण, दुसरा फक्त गेल्या ३० दिवसांचा. जुना गेम घेताना दुसरी ओळ पाहणे अधिक कामाचे.

‘रिव्ह्यू बॉम्बिंग’ आले कुठून?

३० दिवसांचा शेरा आल्यावर एक नवे हत्यारही हाती आले. महिनाभराच्या मतांवर ठरणारी ओळ पाडायला फार माणसे लागत नाहीत. जून २०१७ मध्ये ‘जीटीए ५’च्या मालक कंपनीने ‘ओपनआयव्ही’ या लोकप्रिय मॉडिंग साधनाच्या निर्मात्यांना कायदेशीर नोटीस पाठवली. वर्षानुवर्षे हौशी मंडळी हे साधन वापरून गेममध्ये फेरफार करत होती. संतापलेल्या खेळाडूंनी गेमला उलट्या अंगठ्यांचा मारा केला आणि काही दिवसांत ते साधन परत आले. रिव्ह्यूमुळे कंपनी हलते, हा धडा गेमरांनी तिथेच गिरवला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याची दुसरी बाजू दिसली. यूट्यूबर प्यूडीपायने एका लाइव्ह प्रक्षेपणात वर्णद्वेषी शिवी उच्चारली. ‘फायरवॉच’ हा गेम बनवणाऱ्या ‘कॅम्पो सँटो’ने आमच्या गेमचे त्याचे व्हिडीओ काढून टाका, अशी कॉपीराइटची मागणी केली. प्यूडीपायचे चाहते स्टीमवर धावले. ‘फायरवॉच’ दीड वर्षापूर्वीच आलेला, अमेरिकेच्या जंगलात वणव्यावर नजर ठेवणाऱ्या एका माणसाची शांत गोष्ट सांगणारा गेम. त्यात रातोरात काहीही बदलले नव्हते. बदलला होता तो फक्त शेरा.

व्हॉल्व्हने त्यानंतर काही दिवसांतच प्रत्येक गेमच्या पानावर रिव्ह्यूंचा आलेख आणला. कोणत्या तारखेला किती अंगठे वर, किती खाली, हे निळ्या-लाल पट्ट्यांत दिसू लागले. रिव्ह्यू पुसायचे नाहीत, फक्त अचानक आलेली लाट दाखवायची आणि ती का आली हे ग्राहकाने स्वतः शोधायचे, अशी ती भूमिका होती. (पुढे २०१८ मध्ये व्हॉल्व्हने कॅम्पो सँटो हा स्टुडिओच विकत घेतला.) अडचण इतकीच, की गेम घ्यायला आलेला माणूस आलेख वाचत बसत नाही. तो ओळ वाचतो.

‘विषयाबाहेरचा’ रिव्ह्यू कोणता, हे ठरवायचे कोणी?

मार्च २०१९ मध्ये व्हॉल्व्हने एक पाऊल पुढे टाकले. रिव्ह्यूंच्या ओघात काही विचित्र दिसले की एक संगणक प्रणाली खूण करते. मग कंपनीतील माणसे तपासतात. मारा गेमशी संबंधित नाही असे ठरले, तर त्या काळातील रिव्ह्यू शेऱ्यातून वगळले जातात आणि तशी सूचना पानावर येते. रिव्ह्यू पुसले जात नाहीत, आणि ज्याला ते मोजायचेच आहेत त्याला सेटिंगमध्ये तशी सोय आहे. प्रत्येक रिव्ह्यू वेगळा वाचणे शक्य नसल्यामुळे त्या दिवसांतला अगदी प्रामाणिक रिव्ह्यूही बाहेर पडतो. सुक्याबरोबर ओले जळते, हे व्हॉल्व्हनेही नाकारलेले नाही.

पहिला प्रयोग महिनाभरातच झाला. एप्रिल २०१९ मध्ये ‘बॉर्डरलँड्स ३’ पीसीवर पहिले काही महिने फक्त प्रतिस्पर्धी एपिक गेम्स स्टोअरवर मिळेल, असे जाहीर झाले. चिडलेल्यांनी राग काढला तो स्टीमवर असलेल्या जुन्या ‘बॉर्डरलँड्स’ गेमवर. व्हॉल्व्हने ते रिव्ह्यू वगळले. इथे निर्णय सोपा होता. सात वर्षे जुन्या गेमचा त्यात काय दोष?

पण त्याच महिन्यात उलटा पेच पडला. १५ एप्रिलला पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलला आग लागली. ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ या गेममध्ये हे कॅथेड्रल बारकाईने उभारलेले आहे. युबिसॉफ्टने पुनर्बांधणीसाठी पाच लाख युरो जाहीर केले आणि आठवडाभर हा गेम स्वतःच्या दुकानात फुकट दिला. स्टीमवर मात्र या जुन्या, सुरुवातीला दोषांमुळे बदनाम झालेल्या गेमवर कौतुकाचा पाऊस पडला. हाही विषयाबाहेरचाच मारा, फक्त गोड. व्हॉल्व्हने विचार केला आणि तो मोजणीत ठेवला. आगीनंतर गेम खेळणाऱ्यांची संख्याच वाढली होती, त्यामुळे ही लाट नेहमीच्या गर्दीसारखीच दिसते, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो चुकीचा म्हणता येत नाही. पण शिव्या वगळल्या आणि ओव्या ठेवल्या, असे कोणी म्हटले तर त्यालाही उत्तर देणे अवघड.

खरी मेख वेगळीच आहे. २०१९ च्या त्या घोषणेत व्हॉल्व्हने डीआरएम, म्हणजे चोरी रोखणारी कुलपे, आणि वापराच्या कराराविषयीच्या तक्रारीही विषयाबाहेरच्या धरल्या. काही खेळाडूंना त्या महत्त्वाच्या वाटतात, पण बहुतेकांना नाही, असे त्यांचे म्हणणे. हीच फूटपट्टी ‘हेलडायव्हर्स २’ला लावली तर? सोनीचे खाते हा गेमचा भाग की कराराचा? बंदूक चालते, किडे मरतात, चित्रे सुंदर आहेत. म्हणजे गेम चांगला. पण ढाक्यातल्या खेळाडूला तो महिन्याभराने उघडणारच नसेल, तर यापेक्षा जास्त ‘विषयातली’ तक्रार कोणती?

एकच गेम, वेगवेगळ्या देशांत वेगळा?

ढाक्यात एक अनुभव आणि पुण्यात दुसरा, ही गोष्ट स्टीमच्या लक्षात आली ती मुख्यतः चीनमुळे. ब्लिझार्ड आणि तिची चिनी भागीदार नेटईज यांचा करार संपल्यावर जानेवारी २०२३ मध्ये ब्लिझार्डचे बहुतेक गेम चीनमध्ये बंद झाले. खेळाडूंची वर्षांची कमाई गोठली. त्याच वर्षी १० ऑगस्टला ‘ओव्हरवॉच २’ स्टीमवर आला आणि चिनी खेळाडूंना हिशेब चुकता करायला जागा मिळाली. गेम काही दिवसांत स्टीमवरील सर्वात वाईट रिव्ह्यूंचा गेम ठरला. त्यात सगळेच चिनी नव्हते. ज्या कथाप्रधान भागासाठी ‘२’ काढला, त्याचा मोठा हिस्सा आधीच रद्द झाला होता आणि तो राग सर्वत्र होता. पण नव्या ग्राहकाला एका ओळीत हे दोन राग वेगळे दिसणे शक्य नव्हते.

ऑगस्ट २०२५ मध्ये स्टीमने भाषेनुसार शेरे देणे सुरू केले. एकूण दोन हजारांवर रिव्ह्यू असलेल्या गेममध्ये ज्या भाषेत किमान २०० रिव्ह्यू आहेत, त्या भाषेचा शेरा वेगळा. लगेच पुढच्याच महिन्यात त्याची परीक्षा झाली. ऑस्ट्रेलियातील ‘टीम चेरी’चा ‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’ ४ सप्टेंबरला आला. जगभर कौतुक, आणि चिनीत मात्र ‘मोस्टली निगेटिव्ह’. कारण होते अनुवाद. सुटसुटीत संवाद चिनीत जुनाट, अलंकारिक आणि अवघड झाल्याची तक्रार होती. जुन्या पद्धतीत या रिव्ह्यूंनी सर्वांचा शेरा खाली ओढला असता आणि मुंबईतल्या खेळाडूला गेममध्येच खोट वाटली असती. नव्या पद्धतीत दोष जिथे होता तिथेच दिसला. अनुवाद सुधारू, असे स्टुडिओनेही काही दिवसांत सांगितले.

स्टीमच्या भाषांच्या यादीत मराठी नाही, हिंदीही नाही. भारतीय खेळाडू इंग्रजीत लिहितो आणि अमेरिकी, ब्रिटिश गर्दीत मिसळतो. सर्व्हर सिंगापुरात असल्यामुळे गेम अडखळतो किंवा रुपयातली किंमत अवाच्या सवा आहे, अशा खास इथल्या तक्रारींना वेगळा शेरा मिळण्याची सोय त्यामुळे नाही.

इतर दुकानांनी काय मार्ग काढला?

एपिक गेम्स स्टोअर डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाले ते ग्राहकांच्या रिव्ह्यूंशिवायच. जून २०२२ मध्ये त्यांनी मानांकन आणले, पण वेगळ्या रीतीने. दोन तासांपेक्षा जास्त खेळलेल्यांतून दुकानच काहींना यादृच्छिक पद्धतीने निवडते आणि विचारते, पाचपैकी किती तारे? स्वतःहून जाऊन तारे देता येत नाहीत. जत्था करून मारा करण्याची वाटच बंद. संख्याशास्त्राच्या नजरेने हा नमुना स्टीमपेक्षा स्वच्छ आहे. पण तिथे ‘हेलडायव्हर्स’सारखा उठाव होऊ शकला नसता, हेही तितकेच खरे.

गूगल प्लेवरचा मारा भारतीयांना ओळखीचा आहे. २०१७ मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखांनी भारताला ‘गरीब’ म्हटल्याचा आरोप झाला आणि हजारोंनी ॲपला एक तारा दिला. काहींनी त्या भरात बिचाऱ्या स्नॅपडीललाही सोडले नाही. मे २०२० मध्ये यूट्यूब विरुद्ध टिकटॉक वादात टिकटॉकचे मानांकन सव्वा ताऱ्याच्या आसपास कोसळले. गूगलने लाखो रिव्ह्यू काढून टाकले आणि मानांकन पुन्हा वर आले. ते का काढले, कोणते काढले, हे वापरकर्त्याला दिसत नाही. स्टीमचा आलेख कितीही अपुरा असला तरी वगळलेली लाट तिथे डोळ्यांसमोर राहते. २०२१ च्या अखेरीस गूगलनेही मानांकन देशानुसार वेगळे केले.

कंपन्या स्वतः काय करतात?

सगळा मारा ग्राहकांकडूनच होतो असे नाही. अमेरिकेतील ‘डिजिटल होमिसाइड’ने २०१६ मध्ये स्टीमवरच्या शंभर अनामिक वापरकर्त्यांवर १ कोटी ८० लाख डॉलरचा दावा ठोकला. व्हॉल्व्हने ग्राहकांशी शत्रुत्व केल्याचे कारण देत कंपनीचे सगळे गेम दुकानातून काढले, दावाही बारगळला. २०१८ मध्ये ‘इन्सेल गेम्स’च्या प्रमुखाचा एक ईमेल फुटला. कर्मचाऱ्यांनी स्वतः गेम विकत घेऊन रिव्ह्यू लिहावेत, पैसे परत मिळतील, असा त्याचा आशय होता. त्यांचेही गेम स्टीमवरून गेले.

मग खेळाडू रिव्ह्यूच का वापरतात?

कारण पैसे दिल्यानंतर त्यांच्या हाती दुसरे फारसे काही उरत नाही. स्टीमवर परताव्याची मुदत साधारण १४ दिवस आणि तीही दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर. शिवाय विकत घेतलेला गेम मालकीचा नसतोच, मिळतो तो वापराचा परवाना. युबिसॉफ्टने ‘द क्रू’चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले आणि पूर्ण किंमत मोजलेल्यांचाही गेम सुरू होईना. कॅलिफोर्नियाने यानंतर कायदा करून दुकानांना हे स्पष्ट सांगायला लावले. स्टीमच्या खरेदीच्या पानावर आता तशी ओळ दिसते. वापराच्या अटी मध्येच बदलल्या, तर ग्राहकाने कुठे जायचे? कस्टमर केअरला लिहिलेले पत्र एकालाच दिसते. उलटा अंगठा पुढच्या प्रत्येक ग्राहकाला दिसतो, आणि विक्रीचा आकडा पाहणाऱ्या अधिकाऱ्यालाही.

कायदा कुठे आहे?

भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक आणले. रिव्ह्यू कसे गोळा करावेत, तपासावेत आणि छापावेत याचे नियम त्यात आहेत. मात्र ते ऐच्छिक आहे. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. खोटे रिव्ह्यू लिहिणे, विकत घेणे किंवा कर्मचाऱ्यांकडून ओळख लपवून लिहून घेणे आता तिथे दंडनीय आहे. ‘इन्सेल’सारखे प्रकरण त्यात सरळ बसते. ‘हेलडायव्हर्स’चे दोन लाख रिव्ह्यू बसत नाहीत. ते लिहिणाऱ्यांच्या खात्यात गेम होता, खेळलेले तास नोंदलेले होते आणि पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून दिले होते. अशा रिव्ह्यूंचे काय करायचे हे अजून तरी दुकानदारच ठरवतो, आणि विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीतून त्यालाही त्याचा वाटा मिळतो.